मारुती ८०० चं इंजिन बांधल्यानंतरच्या तक्रारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, तरी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या गॅरेजांत हे ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आजही खोललं आणि बांधलं जातं. बोअर (सिलिंडरचं भोक), पिस्टन, बेअरिंग, हेडचं काम असा सगळा खर्च झाला, गाडी घरी आली आणि मग धूर, आवाज, हीटिंग सुरू झालं. असे मालक आणि नवशिके मिस्त्री जे विचारतात त्याची ही उत्तरं. आकडे ८०० चे असले तरी तपासायची रीत कुठल्याही लहान पेट्रोल इंजिनाला चालेल.

इंजिन नुकतंच बांधलंय आणि तक्रार आली. सुरुवात कुठून करू?

आधी एकच विचारा: ही तक्रार इंजिन खोलायच्या आधी होती का? नसेल, तर जिथे जिथे हात लागला तिथेच दोष असणार. इंजिन उतरवताना सुटलेल्या पायपा, वायरी, अर्थिंगची पट्टी, बदललेली गॅस्केटं, हललेला टायमिंग बेल्ट. अशा तक्रारींपैकी बऱ्याच इंजिनाच्या पोटात नसतात, बाहेरच सापडतात. आधी होती आणि अजूनही आहे, तर मुळात इंजिन बांधण्याचा निर्णय कशावरून घेतला हे पाहावं लागेल. धूर मारतोय म्हणून बोअर केली आणि खरा दोष व्हॉल्व्ह सीलचा निघाला, हे आपल्याकडे अजिबात दुर्मीळ नाही.

दुसरी गोष्ट, लेथवाल्याकडून, म्हणजे बोअर आणि क्रँक घासून देणाऱ्याकडून, कागद घ्या. ८०० ची मूळ बोअर ६८.५ मिलिमीटर. ती घासून किती मोठी, म्हणजे ओव्हरसाइझ, केली, ०.२५ की ०.५०? क्रँक घासून किती बारीक, म्हणजे अंडरसाइझ, केला? पिस्टन आणि बोअरमध्ये किती फट ठेवली? हे आकडे हातात नसतील तर पुढचं सगळं निदान अंदाजावर चालतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले किंवा कुठलेही जुने जाणते लेथवाले हे विचारलं तर रागावत नाहीत. ज्याला राग येतो त्याने मोजलेलं नसतं, असं माझं मत आहे.

स्टार्टर फिरतो, पण गाडी सुरूच होत नाही. कधी कार्बोरेटरमधून फटाका वाजतो.

स्पार्क आणि टायमिंग पाहा. फायरिंग ऑर्डर १-३-२ आहे, पण सवयीने १-२-३ अशा वायरी लावलेल्या अनेकदा दिसतात. डेल्कोचा, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा, रोटर कुठल्या दिशेने फिरतो ते कॅप काढून डोळ्यांनी पाहा आणि मगच वायरी मोजा.

वायरी बरोबर असतील तर डेल्को उलटा बसलाय का पाहा. पिस्टन वर आला की एक नंबर फायरिंगला आला असं धरलं जातं, पण पिस्टन दर दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो: एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. दुसऱ्या वेळी डेल्को बसवला की तो अर्धा फेरा चुकतो. चार सिलिंडरच्या गाडीत अशा वेळी ठिणगी जोडीदार सिलिंडरला जाते. ८०० मध्ये रोटर तीन आणि दोन नंबरच्या खुंट्यांच्या मधोमध उभा राहतो, म्हणून इंजिन कधी खोकतं, कधी काहीच करत नाही. एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा आणि इंजिन हाताने फिरवा. हवा अंगठा उचलायला लागली की तो कॉम्प्रेशनचा फेरा. त्यानंतर पुलीची खूण जुळवा.

स्टार्टरच मेल्यासारखा फिरत असेल, तर इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी लावायची राहिली आहे का ते पाहा. ही पट्टी विसरली की स्टार्टरचा करंट मिळेल त्या वाटेने परत जातो. ती वाट बहुतेक वेळा क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलची असते. दोन-चारदा सेल्फ मारल्यावर केबल हाताला गरम लागली तर निदान तिथेच संपलं.

पहिल्यांदा सुरू केल्यावर ऑइलचा दिवा विझत नाही. थोडं रेस करून पाहू का?

नाही. लगेच बंद करा. नव्या बेअरिंगवर ऑइलशिवाय घालवलेलं एक मिनिट पुन्हा सगळा खर्च करायला लावू शकतं.

खोललेला ऑइल पंप कोरडा असतो आणि कोरडा पंप ऑइल ओढत नाही. जोडताना त्यात ऑइल किंवा पेट्रोलियम जेली भरायची असते. ते राहिलं असेल तर तिन्ही प्लग काढा, इग्निशन कॉइलची वायर सोडा आणि थांबत थांबत सेल्फ मारा. प्लग काढल्याने बेअरिंगवर भार येत नाही. दिवा विझेपर्यंत प्लग पुन्हा लावू नका.

तरीही विझला नाही, तर दिव्याच्या स्विचवर भरवसा न ठेवता तो काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावा. गेजचा काटा हललाच नाही तर पंप, स्ट्रेनर (ऑइल गाळायची जाळी) किंवा त्यांच्या मधला जोड. स्ट्रेनरच्या नळीची सील किंवा ओ-रिंग चिमटली गेली की पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. काटा हलतो पण कमी दाखवतो, तर गॅलरीचे प्लग आठवा. ब्लॉक धुताना ऑइलच्या आडव्या वाटांची तोंडं उघडायला हे प्लग काढतात. त्यातला एक परत लावायचा राहिला की ऑइल थेट चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या टाकीत, पडतं. वरून काहीच दिसत नाही, आणि पंप बदलून, स्विच बदलून, बेअरिंगला दोष देऊन लोक थकतात.

आणखी एक चोर म्हणजे गॅस्केट मेकर. चेंबरला दाबून दाबून लावलेलं सोल्युशन बाहेर जितकं फुगतं तितकंच आतही फुगतं. आतला तुकडा सुटून स्ट्रेनरच्या जाळीवर बसतो. सुरुवातीला प्रेशर चांगलं, शे-दोनशे किलोमीटरनंतर अचानक कमी, असं झालं तर चेंबर उतरवून आधी जाळी बघा.

थंड असताना प्रेशर छान, गरम झाल्यावर आयडलिंगला दिवा लुकलुकतो.

गरम ऑइल पातळ होतं, म्हणून थोडं प्रेशर उतरणारच. दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय, असा जुना ठोकताळा आहे. गरम इंजिनात आयडलिंगला सात-आठ दिसले आणि रेस केल्यावर काटा सरळ वर गेला तर घाबरू नका. रेस करूनही चढला नाही, तर बेअरिंगची फट जास्त आहे किंवा जास्तीचं प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा अडकलाय. आधी व्हॉल्व्ह पाहा, ते स्वस्त आहे. घासलेल्या क्रँकला चुकून स्टँडर्ड साइझची बेअरिंग लागली तरी नेमकी हीच लक्षणं दिसतात. बेअरिंगच्या पाठीवर साइझ कोरलेली असते. आणि जाड ऑइल घालून दिवा विझवणं हा इलाज नाही.

इंजिन ठकठक वाजतं. रॉड बेअरिंग गेलं का?

कदाचित. पण त्याआधी दोन गोष्टी तपासा, कारण हुबेहूब रॉड बेअरिंगसारख्या वाजणाऱ्या दोन जागा इंजिनाच्या बाहेर आहेत. एक, फ्लायव्हीलचे बोल्ट. दुसरी, क्रँक पुलीचा मधला बोल्ट. दोन्ही इंजिन बांधताना सुटतात आणि दोन्ही 'नंतर टाइट करू' म्हणून राहू शकतात. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर फ्लायव्हील किंवा क्लचकडे वळा. पुलीसाठी बेल्ट काढून एक-दोन मिनिटंच इंजिन चालवा. ८०० मध्ये वॉटर पंप त्याच बेल्टवर चालतो, म्हणून जास्त वेळ नाही.

मग आवाजाचा स्वभाव ऐका. टिकटिक असा हलका आवाज, क्रँकच्या निम्म्या वेगाने, वरून येतो तो टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा. गॅप ढिला असेल. खरं तर थोडा वाजणारा टॅपेट गप्प टॅपेटपेक्षा बरा. फार टाइट ठेवलेला व्हॉल्व्ह आवाज करत नाही, पण गरम झाल्यावर पूर्ण बसत नाही आणि जळतो.

थंड असताना ठोकल्यासारखा आवाज आणि पाच-सात मिनिटांनी गायब, हा पिस्टनचा. फट थोडी जास्त ठेवली गेली आहे. गाडी चालेल, पण हा आवाज कधी मिटणार नाही. साधारण दोन-अडीच हजार आरपीएमला ॲक्सिलरेटर किंचित सोडल्याबरोबर स्पष्ट होणारी ठकठक रॉड बेअरिंगची. एकेका प्लगची वायर थोड्या वेळासाठी काढून पाहा. ज्या सिलिंडरची काढल्यावर आवाज दबतो, दोष तिथे. वायर हाताने नको, इन्सुलेटेड पकडीने काढा आणि तिचं टोक इंजिनाला टेकवून ठेवा. खोल, जड, चढावर वाढणारी धडधड मेन बेअरिंगची. ती ऐकू आली तर गाडी टोईंग करून न्या.

निळा धूर मारते. रिंगा बदलल्या, बोअर केली, तरी.

धूर कधी येतो हे किती येतो यापेक्षा महत्त्वाचं आहे. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना एक भपकारा आणि मग काही नाही: व्हॉल्व्ह सील. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून मग पुन्हा दाबल्यावर: व्हॉल्व्ह गाइड. खंबाटकीच्या उतारावर मागच्या गाडीत कुणाला तरी बसवून पाहायला सांगा, फुकटची चाचणी आहे. चढावर किंवा पिकअप घेताना सलग धूर: रिंगा.

रिंगांचा असेल तर घाई करू नका. नव्या रिंगा बोअरमध्ये बसायला हजार-दीड हजार किलोमीटर लागू शकतात. तोवर थोडा धूर आणि थोडं ऑइल कमी होणं चालतं. कमी होत जातंय की नाही ते महत्त्वाचं, म्हणून दर शंभर-दोनशे किलोमीटरला डिपस्टिक पाहून तारखेसकट लिहून ठेवा.

तेवढ्या किलोमीटरनंतरही ऑइलचं खाणं तसंच असेल तर कारणं मोजकी आहेत. रिंग उलटी बसली असेल. रिंगवरची खूण वर हवी. तिन्ही रिंगांची तोंडं एका रेषेत आली असतील. रिंगेचा गॅप मोजला नसेल. वरच्या रिंगेला बोअरच्या दर इंचाला सुमारे ४ थाउ (इंचाचे हजारावे भाग), असा ठोकताळा आहे. ८०० ची बोअर २.७ इंच, म्हणजे साधारण ११ थाउ. कंपनीचा आकडा हातात असेल तर तोच धरा. किंवा होनिंगच्या, म्हणजे बोअर दगडाने घासल्याच्या, तिरक्या रेषा उमटल्याच नाहीत. आपल्याकडे फक्त रिंगा बदलून काम करताना जुनी आरशासारखी चकचकीत बोअर तशीच ठेवतात. तिच्यावर नवी रिंग बसत नाही, कितीही किलोमीटर गेले तरी.

एक कारण मात्र लोक ओळखतच नाहीत. होनिंगनंतर दगडाचे बारीक कण बोअरच्या रेषांत अडकतात. ते केरोसिनने किंवा पेट्रोलने निघत नाहीत, उलट आत बसतात. गरम पाणी, साबण आणि ब्रश हवा. नंतर पांढऱ्या फडक्याला ऑइल लावून बोअर पुसा. फडकं करडं झालं तर पुन्हा धुवा. पांढरं राहिलं की लगेच ऑइलचा हात फिरवा, नाहीतर तासाभरात गंज धरतो. ही पायरी चुकली तर रिंगा काही हजार किलोमीटरमध्येच झिजतात आणि दोष पार्टच्या कंपनीला जातो.

कॉम्प्रेशन टेस्ट कशी करायची? किती यायला हवं?

इंजिन गरम, बॅटरी भरलेली, तिन्ही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. ॲक्सिलरेटर न दाबता घेतलेला आकडा फेकून द्या. प्रत्येक सिलिंडरला काटा थांबेपर्यंत सेल्फ मारा आणि लिहा. निरोगी पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते १९० पीएसआय येतात. पण आकड्यापेक्षा तिघांतला फरक बोलका असतो. दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक नको.

इथे घाटावरच्यांसाठी एक सूचना. उंचीवर हवा विरळ असते, म्हणून गेजही कमी दाखवतो. मुंबईत १७० दाखवणारं इंजिन पुण्यात साधारण १६० आणि महाबळेश्वरला १४५ च्या आसपास दाखवेल. इंजिन तेच. व्हॅक्युम गेजचंही तसंच: समुद्रसपाटीला आयडलिंगला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) स्थिर काटा चांगला, आणि दर हजार फुटांना सुमारे एक इंच वजा करा.

एखाद्या सिलिंडरचा आकडा पडलेला असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. चढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन पडले असतील तर त्यांच्या मधली गॅस्केट. तिन्ही सारखेच कमी असतील तर रिंगांकडे जाण्याआधी टायमिंग बेल्टच्या खुणा बघा. एक दात चुकला तरी हे होतं.

याहून खात्रीचं हवं असेल तर लीक टेस्ट. जुना प्लग पोकळ करून त्याला नळी जोडा, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा सोडा. हवेने क्रँक झटकन फिरू शकतो, स्पॅनर पुलीवर ठेवू नका. आता नुसतं ऐकायचं. कार्बोरेटरमधून सूं आलं तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आलं तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडातून आलं तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा चिरलेलं हेड. रिंगांतून थोडी हवा प्रत्येक इंजिनात जाते, तिला घाबरू नका.

इंजिन हीट होतं.

पहिल्या दिवशी हीट होत असेल तर बहुतेक वेळा पाण्यात हवा अडकली आहे. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून, हीटर गरमवर करून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा आणि बुडबुडे संपेपर्यंत कूलंट भरत राहा. हे थंड इंजिनापासूनच सुरू करायचं. गरम इंजिनाचं झाकण कधीच उघडू नका. फॅन लागतो का? त्याच्या स्विचची वायर लावली का?

बुडबुडे थांबतच नसतील, वरची पाइप सुरू केल्यावर मिनिटभरात दगडासारखी कडक होत असेल, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतोय. हेड ॲल्युमिनियमचं आहे, एकदा जास्त तापलं की वाकतं. फेसिंग, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट, करून घेतलं का, बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचने ओढले का, हे विचारा. 'हाताच्या अंदाजाने' हे उत्तर आलं तर पुढचं काम दुसरीकडे द्या. आणि थर्मोस्टॅट काढून टाकून हीटिंग बरं झालं असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. नवं इंजिन थंड चालवणं रिंगा आणि ऑइल दोघांनाही वाईट.

मिसिंग आहे, पिकअप नाही, आयडलिंग वर-खाली होतं.

कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मधली गॅस्केट, सुटलेली व्हॅक्युम पाइप, टॅपेट, इग्निशन टायमिंग, याच क्रमाने. इंजिन आयडलिंगला असताना मॅनिफोल्डच्या जोडावर साबणाचं पाणी शिंपडा. आयडलिंग बदललं तर हवा तिथून शिरते. एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरची) गाडी असेल तर सेन्सरचे कनेक्टर एकेक काढून पुन्हा बसवा. एखादा कनेक्टर दुसऱ्याच्या जागी लागलेला सापडतो.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यामुळे जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण मुळातच पातळ (हवा जास्त, इंधन कमी) होतं. इंजिन नवं बांधलं आणि जेट जुनेच, तर हलका अडखळ राहू शकतो. कार्बोरेटर ट्यून करून घ्या.

थरथर आधीपेक्षा वाढल्यासारखी वाटते.

तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच डोलतं. माउंटिंग बघा; जुनं, बसलेलं रबर परत लावलेलं असतं.

ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढते आहे.

वास घ्या. पेट्रोलचा आला तर इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटलाय किंवा कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय. ऑइल दुधाळ झालं तर पाणी. दोन्हीत गाडी चालवू नका, कारण असं ऑइल बेअरिंगला वाचवत नाही.

रनिंग-इनमध्ये चाळीसच्या वर जायचं नाही, हे खरं का?

अर्धं खरं. ताशी चाळीसने टॉप गिअरमध्ये रेटणं हेच नव्या इंजिनाला सगळ्यात वाईट. रिंगा बसतात त्या मागून गॅसचा दाब मिळाल्यावर, आणि तो भार दिल्याशिवाय मिळत नाही. पहिले पाचशे किलोमीटर वेग बदलता ठेवा, मध्यम भार द्या, मग सोडा. खूप वेळ आयडलिंगला उभी ठेवू नका, फुल लोड भरून घाट चढू नका. साधं मिनरल ऑइल वापरा आणि पहिलं ऑइल फिल्टरसकट पाचशेच्या आत बदला.

ते काढलेलं ऑइल फेकू नका. पांढऱ्या ताटलीत ओता, चुंबक फिरवा. बारीक करडी पूड चुंबकाला चिकटली तर रिंगा बसण्याची ती निशाणी आहे. तांब्याच्या रंगाची चमक किंवा चुंबकाला न चिकटणारे पापुद्रे दिसले तर बेअरिंग झिजतंय. फिल्टर कापून त्याचा कागदही उलगडून पाहा.

गाडी पुरात बुडाली होती. इंजिन बांधलं, तरी एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमीच.

कोल्हापूर-सांगलीकडे २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर अशी इंजिनं खूप आली. पाणी दाबलं जात नाही. चालत्या इंजिनात ते सिलिंडरमध्ये शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी डोळ्यांना न दिसण्याइतका. रॉड आखूड झाला की पिस्टन पूर्ण वर येत नाही आणि कॉम्प्रेशन पडतं. हेड न काढता तपासायचं असेल तर तिन्ही सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून एकाच जाडीची सळई सारख्याच कोनात घाला आणि पिस्टन टोकाला असताना सळई किती बाहेर राहते ते पाहा. एकात ती जास्त खोल गेली तर रॉड बदला. वाकलेला रॉड सरळ करून घालू नका.

निदानाला पीयूसी सेंटरचा काही उपयोग होतो का?

होतो, आणि स्वस्तात. भारत स्टेज दोन आणि तीनच्या पेट्रोल चारचाकीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएम ही मर्यादा आहे. त्याआधीच्या गाड्यांना ३ टक्के आणि १५०० पीपीएम. कागदावर पास-नापास बघून थांबू नका, आकडे वाचा. मोनॉक्साइड जास्त तर मिश्रण जाड. मोनॉक्साइड ठीक आणि हायड्रोकार्बन खूप जास्त, तर एखादा सिलिंडर नीट पेटत नाही किंवा ऑइल जळतंय.

ब्लॉकच बदलावा लागला. आरटीओत काही करावं लागतं का?

हो. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. तो बदलला की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. नवीन ब्लॉकचं बिल जपून ठेवा, जुन्या बाजारातून घेतला असेल तर विशेष करून. फक्त बोअर-पिस्टन झालं असेल आणि ब्लॉक तोच असेल तर नोंदीची गरज नाही.

मिस्त्री लेथवाल्याकडे बोट दाखवतो, लेथवाला मिस्त्रीकडे. पुन्हा खोलावं का?

हातात आकडे नसतील तर नाही. कॉम्प्रेशन, लीक टेस्ट, गरम ऑइलचं प्रेशर आणि ऑइल किती खातं, एवढं कागदावर आल्याशिवाय स्पॅनर लावू देऊ नका. दुसऱ्यांदा खोलताना तरच कळतं की कशाकडे बघायचंय.

खोलायचंच ठरलं तर समोर उभे राहा. बेअरिंगच्या वाट्या निघतील त्याच क्रमाने मांडून फोटो काढा. सगळ्या सारख्या घासल्या असतील तर ऑइल किंवा धूळ. एकच घासली असेल तर तो जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) किंवा तो रॉड. कडेला एका बाजूनेच घासली असेल तर रॉड वाकडा. बोअर वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी बोअर गेजने मोजून घ्या; गोल नसेल किंवा निमुळती असेल तर ते लेथचं काम. बोअर बरोबर आणि रिंगांची तोंडं एका रेषेत असतील तर ते जोडणाऱ्याचं. मजुरी कुणी सोडायची हे त्या मापांवरून तिथल्या तिथे ठरवून घ्या. एकदा इंजिन परत बंद झालं की त्याबद्दल कुणीच बोलत नाही.